फेब्रुवारीचे तीनशे रुपये

महाराष्ट्रात ज्या पुरुषाला महिन्याकाठी दहा हजार रुपयांहून अधिक पगार मिळतो त्याच्या पगारपत्रकावर, भविष्यनिर्वाह निधी आणि प्राप्तिकर या दोन मोठ्या वजावटींच्या शेजारी, 'व्यवसाय कर' या नावाची एक लहानशी नोंद असते. अकरा महिने ती दोनशे रुपयांची असते आणि फेब्रुवारीत तीनशेंची होते. स्त्रियांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या मासिक वेतनावर तिची माफी आहे. त्यापुढे त्यांनाही तोच दर. फेब्रुवारीतच हे शंभर रुपये अधिक का जातात, हे विचारण्याचे सहसा कुणाला सुचत नाही, कारण वर्षअखेर तोंडावर आलेली असते, प्राप्तिकराची राहिलेली कपात त्याच सुमारास एकदम होते, आणि त्या मोठ्या आकड्यापुढे शंभराची नोट ती काय! हिशेब अगदी साधा आहे. दोनशेंप्रमाणे बारा महिन्यांचे चोवीसशे होतात, राज्यघटनेने या कराची कमाल मर्यादा पंचवीसशे ठरविलेली आहे, आणि उरलेले शंभर आर्थिक वर्ष सरण्याच्या आत वसूल करून घ्यावयाचे असतात.

माझे वडील खेड्यातील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगाराच्या दिवशी ते कपातीचा कागद आईला वाचून दाखवीत, आणि व्यवसाय कराच्या ओळीशी आले म्हणजे 'हे हमीचे' असे म्हणून पुढे सरकत. हमी म्हणजे काय ते मला त्या वयात कळत नव्हते. पण एका उन्हाळ्यात गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर ते मला घेऊन गेले, तेव्हा त्यांनी हात करून दाखविलेले दृश्य मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीची टोपली, आणि बांधाच्या चढावर एकीमागून एक चढणाऱ्या बायका; खोदलेल्या खड्ड्यांमध्ये मोजमापासाठी तसाच राखून ठेवलेला मातीचा उंचवटा; बाभळीच्या सावलीत हजेरीपत्रक मांडीवर घेऊन बसलेला मुकादम, आणि त्या पत्रकावर नावांपुढे उमटलेले निळे अंगठे. वडिलांच्या पगारातून गेलेले ते थोडे रुपये आणि त्या अंगठ्यांपुढे लिहिलेली मजुरी यांच्यामध्ये कायद्याने बांधलेला एक सरळ दुवा होता, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. आणि प्राप्तिकराविषयी जेव्हा जेव्हा चर्चा कानांवर येते, तेव्हा तोच दुवा मला आठवतो.

दरवर्षी अर्थसंकल्प मांडला गेला की मध्यमवर्गीय घरांत एकच प्रश्न विचारला जातो: आपले किती वाचले? प्रश्न स्वाभाविक आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कराचा दर वर किंवा खाली सरकला म्हणजे त्याचे परिणाम केवळ करदात्याच्या खिशापाशी थांबत नाहीत. मालक आणि नोकर यांच्यातील वेतनाचा करार त्याने बदलतो, वेतन कोणत्या रूपाने द्यावयाचे ते बदलते, आणि ज्याने प्राप्तिकराचे विवरणपत्र जन्मात भरलेले नाही अशा माणसाच्या वाट्याला काय यावे हेही त्याने ठरते. कर घेताना तो कुणाच्या हातून घेतला, आणि खर्च करताना कुणाच्या हाती ठेवला, ही दोन्ही टोके एकत्र पाहिल्याखेरीज त्या बदलाने समाजातील विषमता कमी झाली की वाढली हे सांगता येत नाही. आपल्याकडे पहिल्या टोकाविषयी मुबलक लिहिले जाते. दुसरे टोक बहुधा अंधारात राहते.

हिंदुस्थानात प्राप्तिकर आला तो १८६० साली. सत्तावन्नच्या उठावाने रिकामा झालेला सरकारी खजिना भरून काढण्यासाठी विलायतेहून आलेले अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी तो बसविला. वर्षाला दोनशे ते पाचशे रुपये मिळविणाऱ्यांवर शेकडा दोन आणि त्यापुढे शेकडा चार असे त्याचे दर होते. पाच वर्षांनी तो उठला, पुढे निरनिराळ्या नावांनी येत जात राहिला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा स्थिरावला. त्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले, आणि ती वगळणूक आजतागायत चालत आली आहे. पाचशे रुपयांच्या आतील वार्षिक प्राप्तीला माफी होती. दोन हजारांपर्यंतच्या पगारावर रुपयामागे चार पै आणि त्यापुढे पाच पै. एका रुपयात एकशे ब्याण्णव पै असत, हे ध्यानात घेतले म्हणजे श्रीमंतातल्या श्रीमंतावरही हा भार शेकडा तीनपर्यंत पोहोचत नव्हता असे दिसून येईल. त्याच काळात मिठावरचा कर मात्र मणामागे अडीच रुपये होता, आणि मीठ तर भाकरीबरोबर सर्वांनाच लागते.

राज्याचा महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या शिक्षणाला होतो, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात स्पष्ट शब्दांत नोंदविली होती. पुढे वीस वर्षांनी, १९०२ च्या मार्चमध्ये, नामदार गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळातील आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाचीच चिकित्सा केली. लोक दुष्काळाने गांजलेले असताना खजिन्यात शिल्लक पडते ती सुबत्तेमुळे नसून कराचे ओझे गरजेहून अधिक ठेवल्यामुळे पडते, असे त्यांनी आकडेवारीने दाखविले, आणि मिठावरील कर उतरवावा व प्राप्तिकराची माफीमर्यादा वाढवावी अशी मागणी केली. दुसऱ्याच वर्षी मिठाचा कर अडीचांचा दोन रुपये झाला आणि माफीची मर्यादा पाचशेंवरून एक हजारावर गेली. मिठाचा कर उतरल्याने शेतमजुराला, आणि मर्यादा वाढल्याने कनिष्ठ कारकुनाला, असा एकाच वेळी दोघांना दिलासा मिळाला. गोखल्यांनी या दोन मागण्या एका श्वासात केल्या याला माझ्या दृष्टीने फार मोल आहे. पगारदाराचा भार हलका करा असे म्हणताना पगार नसणाऱ्याचे मीठ ते विसरले नाहीत.

आता वेतनाकडे वळू. कर कायद्याने ज्याच्या नावावर बसतो तोच तो अखेर सोसतो असे नाही, हे अर्थशास्त्रातील जुने आणि खरे तत्त्व आहे. ज्याला दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी आहे तो कराचा भार दुसऱ्याच्या अंगावर ढकलू शकतो. ज्याला नाही त्याला तो स्वतःच वाहावा लागतो. पुण्यातील एखाद्या कुशल संगणक-अभियंत्यापुढे बंगळूरच्या आणि परदेशातल्या नोकऱ्याही असतात, म्हणून तो वाटाघाटीला बसतो तेव्हा एकूण पगार विचारण्याऐवजी 'हातात किती पडेल' हे विचारतो, आणि कर वाढला तर मालकाला त्याची भरपाई निदान काही अंशी करून द्यावी लागते. त्याच इमारतीत हिशेब ठेवणाऱ्या मध्यमवयीन कारकुनाचे घर, मुलांच्या शाळा, आईवडिलांची आजारपणे सारी त्याच शहरात रुतलेली असतात. त्याच्या पगारातून वाढीव कर गेला तर तो मुकाट्याने कमी पैशांत महिना काढतो. कर उतरला तरी हाच न्याय उलट बाजूने लागू पडतो. ज्याची सौदाशक्ती दुबळी आहे त्याला वार्षिक वाढीच्या वेळी 'यंदा सरकारनेच तुमच्या हाती चार पैसे अधिक घातले आहेत' असे ऐकविले जाऊ शकते, आणि मग करसवलतीचा काही भाग हळूहळू मालकाच्या तिजोरीत मुरतो. कागदावर एकच असलेला दर दोन माणसांच्या बाबतीत असा निरनिराळा वागतो.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पाचेच उदाहरण घ्या. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सूट देऊन शून्यावर आणला गेला. पगारदाराला पाऊण लाखाची प्रमाणित वजावट मिळत असल्यामुळे त्याच्यापुरती ही सीमा पावणेतेरा लाखांवर जाते. आधीच्या दरांनी बारा लाखांच्या करपात्र उत्पन्नावर, उपकर सोडून, ८०,००० रुपये कर पडत असे, तो सगळा वाचला. चोवीस लाखवाल्याचे १,१०,००० वाचले. सात लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला आधीही कर नव्हता, म्हणून त्याचे काहीच वाचले नाही. आणि पंधरा हजारांवर रात्रपाळी करणारा इमारतीचा पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, ऊसतोडीला जाणारे जोडपे, यांचा तर या कोष्टकाशी संबंधच येत नाही. प्रत्यक्ष करांचा सुमारे एक लाख कोटी रुपयांचा महसूल या सवलतींपायी सोडावा लागेल, असे अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितले. मध्यमवर्गाला हा दिलासा हवाच होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो, कारण जुन्या प्रणालीतील अडीच लाखांची मूळ मर्यादा २०१४ पासून जागची हललेली नाही आणि मधल्या काळात महागाईने त्या अडीच लाखांचे मोल पुष्कळ उतरविले आहे. भाववाढीशी झुंजण्यापुरता पगार वाढला तरी माणूस वरच्या कक्षेत ढकलला जातो, आणि संसदेने दर न वाढविताच कर वाढतो. हा छुपा करभार पगारदारावर वर्षानुवर्षे पडत आला. तरीही, एक लाख कोटींचा हा त्याग अखेर कुणाच्या पदरात पडला, हा प्रश्न उरतोच.

या कोष्टकात वेतनाच्या दृष्टीने आणखी एक मौजेची नव्हे, तर चांगलीच गंभीर जागा आहे, आणि ती प्रत्येक नोकरदाराने समजून घेण्यासारखी आहे. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. पण ते बारा लाखांहून किंचित वर गेले तर चार लाखांपासूनचे दर लागू होऊन एकदम साठ हजारांवर कर उभा राहील, म्हणून कायद्याने अशी तरतूद केली आहे की कर हा बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा अधिक होऊ नये. तरतूद दयाळू आहे. पण समजा, बारा लाखांवर असलेल्या माणसाला वर्षाची पन्नास हजार रुपयांची वाढ मिळाली. दरांप्रमाणे त्याचा कर ६७,५०० होतो, सवलतीमुळे तो ५०,००० वर थांबतो, आणि त्यावर शेकडा चार उपकराचे २,००० पडतात. म्हणजे वर्षभर राबून मिळविलेली सगळी वाढ सरकारजमा होऊन वर पदरचे दोन हजार जातात. सुमारे ७०,५८८ रुपयांच्या या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक रुपयावर, उपकर सोडूनही, कराचा खरा दर शंभर टक्के आहे. देशातील अब्जाधीशालाही इतका दर नाही. अशा जागी उभ्या असलेल्या नोकराने वाढ नाकारावी किंवा ती पुढच्या वर्षावर ढकलण्याची विनंती करावी, यात नवल नाही. लोकांमध्ये असा एक समज रूढ आहे की वरच्या कक्षेत पाय पडला म्हणजे सर्व उत्पन्नावर वरचा दर लागतो. तो सर्वसाधारणपणे चुकीचा आहे, कारण प्रत्येक दर त्या त्या कक्षेतील रकमेपुरताच असतो. परंतु करसवलतीच्या या कड्यापाशी मात्र तो चुकीचा समज बव्हंशी खरा ठरतो.

शंभराच्या जवळ जाणारा दर या देशाने पूर्वी एकदा जाणूनबुजून लावून पाहिला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत समतेचा ध्यास खरा होता, आणि तो कायद्याच्या पुस्तकांत उतरला होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्युकर आला. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर संपत्तिकर, व्ययकर आणि देणगीकर आले. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाने तर करोत्तर व्यक्तिगत उत्पन्न सरासरी कौटुंबिक उत्पन्नाच्या तीसपटींहून अधिक असू नये असे सुचविले होते. या प्रवाहाचा कळस झाला तो १९७१ च्या अर्थसंकल्पात. यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री होते. दोन लाखांवरील उत्पन्नाला शेकडा ८५ कर आणि त्या करावर शेकडा १५ अधिभार, मिळून ९७.७५ टक्के. शंभर रुपये अधिक मिळविणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. आणि संपत्तिकर जमेस धरला तर काहींची देणी उत्पन्नाच्याही पुढे जात.

त्याने विषमता मिटली काय? उच्च पगारांचे काय झाले ते मुंबईकडे पाहिले म्हणजे कळते. ज्या अधिकाऱ्याला रोख पगारवाढ देऊन काही उपयोग नव्हता त्याला कंपनीने मलबार हिलच्या आसपास राहायला जागा दिली, चालकासह मोटार दिली, क्लबची वर्गणी भरली, मुलांच्या शिक्षणाची व प्रवासाची सोय केली. वेतन कमी झाले नाही, त्याने वेष बदलला. आणि हा बदललेला वेष ज्यांना मिळू शकत नव्हता अशा कनिष्ठांच्या पगारपत्रकावर मात्र कर उघडपणे कापला जात राहिला, कारण रोख वेतनाला लपण्याची जागा नसते. धंदेवाइकांकडे काळा पैसा साठला तो वेगळाच. न्यायमूर्ती वांछू यांच्या समितीने १९७१ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात, करचुकवेगिरीचे प्रमुख कारण हे दरच आहेत असे सांगून ते उतरविण्याची शिफारस केली, आणि १९७४ च्या अर्थसंकल्पात कमाल दर ७७ टक्क्यांवर आणला तो यशवंतरावांनीच. आपणच चढविलेला दर तीन वर्षांत आपल्याच हाताने उतरविण्यास राजकारणात मनाचा मोठेपणा लागतो, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक व्हावे तितके झालेले नाही. पुढे १९८५ साली तो ५० टक्के झाला, १९९७ साली ३०. दहा, वीस आणि तीस ही सोपी कोष्टके तेव्हापासून रूढ झाली.

दर उतरल्यावर झाकलेले पगार उजेडात आले, हे खरे आणि चांगले. परंतु त्याबरोबर जे दुसरे घडले त्याकडे डोळेझाक करता येत नाही. मृत्युकर १९८५ साली रद्द झाला, देणगीकर १९९८ साली, संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांच्या कराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्यांसाठी, ३० वरून २२ टक्के झाला. आणि अलीकडच्या वर्षांत व्यक्तींकडून येणारा प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा अधिक जमू लागला आहे. चोवीस लाखांपुढच्या पगाराला शेकडा तीस दर आहे, तर वर्षाहून अधिक काळ बाळगलेले बाजारातील समभाग विकून झालेल्या नफ्याला, पहिले सव्वा लाख वगळून, शेकडा साडेबारा. श्रमाचा रुपया आणि भांडवलाचा रुपया यांना एकाच तराजूत तोलले जात नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. ज्याचा कर हाती येण्यापूर्वीच कापला जातो, ज्याला खर्चाची वजावट दाखविण्याची मुभा जवळजवळ नाही, त्याच्यावर सर्वांत चढा दर असावा याचे समर्थन कोणत्याही न्यायबुद्धीला करता येणार नाही.

मात्र पगारदारानेही एक गोष्ट मनाशी बाळगली पाहिजे. देशात वर्षाला आठ कोटींच्या आसपास विवरणपत्रे भरली जातात आणि त्यांतील अर्ध्याहून अधिकांत कर शून्य असतो. म्हणून 'कर आम्हीच भरतो आणि बाकीचे खातात' असे उद्गार बैठकींतून ऐकू येतात. ते खरे नाहीत. वस्तू व सेवा कर गोडेतेलाच्या पिशवीवर, साबणाच्या वडीवर, मजुराच्या चपलेवर असतो, आणि मिळकतीतला जवळजवळ प्रत्येक रुपया खर्च करणाऱ्या घराला त्याचा बोजा, मिळकतीतले पुष्कळ शिल्लक टाकणाऱ्या घरापेक्षा, प्रमाणाने अधिक जाणवतो. जुन्या मिठाच्या कराचेच हे नवे रूप आहे. शिवाय प्राप्तिकराची रेषा आता देण्याच्या बाजूलाही वापरली जाते: पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेचा हप्ता किंवा राज्याच्या लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळण्याच्या अटींत प्राप्तिकर भरणाऱ्यांना वगळण्याची अट आहे. दिल्लीत करमाफीची रेषा सरकली की गावातल्या याद्यांचा अर्थही सरकतो, ही गोष्ट अर्थसंकल्पाच्या दिवशी कुणी सांगत नाही.

या सगळ्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी केलेला तो प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे गांधीविचाराने वाढलेले गृहस्थ. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आणि १९६५ साली त्यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूरला, त्याची प्रत्यक्ष चाचणी झाली. मग आला १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे राज्यातील दुष्काळी कामांवर होती, खडी फोडीत होती, बांध घालीत होती. त्या अनुभवातून योजना विस्तारली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने काम मागितले की पंधरा दिवसांत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा लागेल, असे त्याचे कलम होते. जगात कुठेही कायद्याने इतके स्पष्ट वचन तोवर दिलेले मला ठाऊक नाही.

वचन देणे सोपे असते, पैसा कोठून यावयाचा हा खरा प्रश्न. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला, त्याच्या जोडीला मोटारी, विक्रीकर, बागायती जमीन अशा बाबींवर जादा आकारणी बसविली, आणि हा सगळा पैसा हमीच्या निधीत टाकून तितकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरविले. पगारदार शहराने आणि बागायतदाराने कोरडवाहू गावच्या मजुरीची सोय करावी, असा तो करार होता. आणि विशेष हे की तो विधिमंडळात सर्व पक्षांच्या संमतीने झाला. शहराचाही त्यात स्वार्थ होता, कारण गावात काम असेल तर दुष्काळात माणसांचे तांडे मुंबईच्या पदपथांवर येऊन पडत नाहीत. पण स्वार्थ आणि न्याय एका वाटेने चालले तर त्यात वाईट काय?

या पैशाने मजुरी केवळ वाटली गेली नाही, मजुरीचा दरच बदलला. याची तुलना अमेरिकेशी करून पाहावी. योगायोगाने त्याच १९७५ साली अमेरिकेने कमी वेतनाच्या कामगारांना प्राप्तिकराच्या कायद्यातूनच उलट पैसे देण्याची पद्धत सुरू केली. काम करा, कमी मिळाले तर सरकार त्यात भर घालील. पद्धत उपयुक्त आहे, लक्षावधी कुटुंबे तिच्यामुळे दारिद्र्यातून वर आली. परंतु भर सरकार घालते म्हटल्यावर कामाला येणारे हात वाढतात, आणि मालकाला कमी वेतनातही माणसे मिळू लागतात. अनुदानाचा काही हिस्सा अशा रीतीने मालकाकडे झिरपतो. हमीच्या कामाचे तसे नाही. गावाबाहेर बांधाचे काम चालू आहे आणि तिथे पुरुषाला व बाईला मोजमापाप्रमाणे एकाच दराने दाम मिळतो, हे ठाऊक असलेली बाई बागायतदाराच्या खुरपणीला त्याच्या मनमानी भावाने जात नाही. ती 'नाही' म्हणू शकते. किमान वेतनाचा कायदा पुस्तकात होताच, पण तो पाळला जाण्यासाठी जे पाठबळ लागते ते या 'नाही'मधून आले. पागे यांच्या योजनेचे सर्वांत मोठे यश मला यात दिसते. पाझर तलाव आणि रस्ते त्यानंतर.

तिची अपयशेही लपविण्याचे कारण नाही. निधीत जमा झालेला पैसा सारा कामांवर खर्च झाला नाही. वर्षानुवर्षे मोठ्या शिलका पडून राहिल्या आणि दुसऱ्या बाजूला कामे मागणाऱ्यांना तारखा मिळत राहिल्या. खोट्या हजेरीपत्रकांची प्रकरणे निघाली. १९८८ साली किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि हमीच्या कामांनाही तो दर द्यावा लागला, तेव्हा कामांची संख्याच आकुंचन पावली. दर वाढला पण हमी पातळ झाली. पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या घडणीत महाराष्ट्राच्या अनुभवाचा वाटा मोठा होता. आणि केंद्राचा पैसा येऊ लागल्यावर आपल्या पगारपत्रकावरील त्या ओळीचा मूळ अर्थ लोकांच्या स्मृतीतून पुसला गेला. आज शंभर नोकरदारांना विचारले तर व्यवसाय कर कशासाठी बसविला होता हे सांगणारे पाचही निघतील की नाही, याची मला शंका वाटते.

आणि त्या ओळीचे स्वरूपही आता न्याय्य राहिलेले नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराची कमाल मर्यादा पूर्वी वर्षाला २५० रुपये ठेवली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली, आणि तेव्हापासून ती तेथेच आहे. म्हणून महिना अकरा हजार मिळविणारा दुकानातला नोकर वर्षाला अडीच हजार देतो, आणि महिना अकरा लाख मिळविणारा संचालकही अडीच हजारच देतो. पहिल्याच्या मिळकतीशी त्याचे प्रमाण शेकडा जवळजवळ दोन, दुसऱ्याच्या मिळकतीशी दहा हजारांत दोनांहूनही कमी. गरिबाच्या मजुरीसाठी उभारलेला कर अशा रीतीने अल्पवेतनी माणसावरच सर्वांत जड होऊन बसला आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही ही मर्यादा वाढवावी अशी शिफारस केलेली आहे.

ती मर्यादा संसदेने वाढवावी, राज्याने पंचवीस हजारांपर्यंतच्या पुरुष नोकरांनाही माफी देऊन वरच्या पगारांवर चढते दर बसवावेत, आणि जमेची व खर्चाची खतावणी तालुक्यानिशी दरवर्षी प्रसिद्ध करावी, ही मागणी करण्याचा पहिला अधिकार आपणा कर देणाऱ्यांचा आहे. येत्या फेब्रुवारीचे पगारपत्रक हातात पडेल तेव्हा ती तीनशेंची ओळ शोधा, आणि आपल्या आमदाराला व खासदाराला एक पत्र लिहून विचारा की हे पैसे आता कोणत्या गावच्या कोणत्या बांधावर जातात.